प्लीहा दुबळी, अंगात ओल, आणि सोनोग्राफी मात्र नॉर्मल

डॉक्टरताई, स. न.
आम्ही मूळचे सातारचे. मिस्टरांच्या नोकरीमुळे दोन वर्षांपासून चीनमध्ये ग्वांगझूला आहोत. माझं वय 44, आम्ही शाकाहारी. थायरॉइडची गोळी बरीच वर्षं चालू आहे, गेल्या वर्षी रक्तदाबाचीही सुरू झाली. इथे आल्यापासून माझं पोट सारखं फुगतं, जेवण झालं की डोळे मिटायला लागतात, शौचाला पातळ आणि चिकट होते, हातपाय जड वाटतात. आमच्याकडे कामाला येणाऱ्या आयी (इथे कामवाल्या मावशींना आयी म्हणतात) मला चिनी वैद्यकाच्या सरकारी रुग्णालयात घेऊन गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी जीभ बघितली, दोन्ही हातांची नाडी बघितली आणि सांगितलं, प्लीहा दुबळी आहे आणि अंगात ओल साठली आहे. मी इतकी घाबरले की दुसऱ्याच दिवशी सोनोग्राफी करून आले. प्लीहा अगदी नॉर्मल! मिस्टर म्हणतात, सगळी फसवणूक आहे. सात दिवसांच्या काढ्याच्या पुड्या तशाच पडून आहेत. दही, केळी, कोशिंबिरी, फ्रिजमधलं पाणी सगळं बंद करायला सांगितलंय. आयी म्हणतात, तोवर रोज गल्लीतला थंड चहा तरी प्या. मुलगा सात वर्षांचा आहे. त्याला सर्दी-ताप आला की आयी त्याला बानलानगनची पावडर देतात, आणि परवा तर शिंगाच्या पट्टीने पाठ घासून लाल केली. त्यावरून घरात मोठं भांडण झालं. मी काढा घेऊ का? माझ्या गोळ्या बंद कराव्या लागतील का? आणि सासूबाईंना मधुमेह आहे, त्यांच्यासाठी इथल्या जडीबुटीच्या गोळ्या आणू का?
– मृ. दे., ग्वांगझू

प्रिय मृ. ताई,

तुमची पानथरी, म्हणजे प्लीहा, ठणठणीत आहे, हे आधी मनातून पक्कं करून टाका. सोनोग्राफी खोटं बोलत नाही. आणि त्या डॉक्टरांनीही तुम्हाला फसवलेलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, कारण ते ज्या प्लीहेबद्दल बोलत होते ती डाव्या बरगडीखालची पानथरी नव्हेच.

चिनी वैद्यकाचा पाया ज्या ग्रंथावर उभा आहे, त्या ‘हुआंगदी नेईजिंग’चं संकलन साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचं. त्यात शरीर हे एखाद्या राज्यासारखं मांडलंय. हृदय हा राजा, फुप्फुस हा मंत्री, यकृत हा सेनापती, आणि प्लीहा व जठर हे धान्यकोठारावरचे अधिकारी. कोणता अवयव कुठे आहे यापेक्षा कोणाकडे कोणतं काम आहे, यावर सगळा भर. प्लीहेकडे काम दिलंय ते खाल्लेल्या अन्नाचं शक्तीत आणि रक्तात रूपांतर करायचं, ते सत्त्व वर पाठवायचं आणि अंगातलं पाणी हलतं ठेवायचं. हे काम मंदावलं की जेवणानंतर ग्लानी येते, पोट फुगतं, शौचाला बांधून होत नाही. आणि पाणी जिथल्या तिथे तुंबतं, त्याला ते ओल म्हणतात. ओलीचा स्वभाव जड, चिकट आणि रेंगाळणारा. तुमची चारही लक्षणं पुन्हा वाचा. हे वर्णन तुम्हाला समोर बसवून लिहिल्यासारखं वाटेल.

यात ग्वांगझूच्या हवेचाही हात आहे, असं तिथले वैद्य मानतात. तिथे हिवाळा संपताना दक्षिणेकडून दमट, उबदार वारा येतो आणि गार फरशा, भिंती, आरसे यांना अक्षरशः पाणी सुटतं. या दिवसांना तिथे ‘हुईनानतियान’ असं नाव आहे. तुम्ही दोन वर्षांत दोनदा ते अनुभवलं असणार. सातारच्या कोरड्या, मोकळ्या हवेतून आलेल्या माणसाला ते जास्त जाणवणारच. बाहेरची ओल आतल्या ओलीला बळ देते, हा त्यांचा हिशेब. म्हणूनच कँटनी, म्हणजे ग्वांगझूकडच्या, घरांत तासन्‌तास मंद आचेवर सूप शिजत असतं आणि त्यात ओल काढणारे दाणे, कंद घालतात.

सातारच्या एखाद्या आयुर्वेदिक वैद्यांकडे गेला असतात तर त्यांनी बहुधा अग्निमांद्य (मंदावलेलं पचन) आणि आम (नीट न पचलेल्या अन्नाचा साठा) हे शब्द वापरले असते, आणि तेव्हा तुम्ही सोनोग्राफीला धावला नसतात. एवढं साम्य ध्यानात धरा. पण दोन्ही शास्त्रं एकच आहेत असं समजून घरच्या घरी औषधांची अदलाबदल करू नका. नाडी बघण्याची रीत, औषधं, त्यांची जुळणी, सगळं वेगळं आहे.

नाडीचंच घ्या. तुमच्या प्रत्येक मनगटावर डॉक्टरांनी तीन बोटं ठेवली असतील, आधी हलकी, मग दाबून. तीन जागांना त्सुन, ग्वान आणि छ्र म्हणतात. उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली त्यांना प्लीहेची खबर मिळते. ली शिझेन या चिनी वैद्यांनी 1564 साली नाडीवर लिहिलेल्या ग्रंथात 27 प्रकारच्या नाड्या पद्यात सांगितल्या आहेत, पुढे त्यांची संख्या 28 झाली. आजही विद्यार्थी त्या पाठ करतात. माझं स्पष्ट मत असं की, नाडीवर दोन वैद्यांचं एकमत होईलच याची खात्री नसते. त्या मानाने जिभेचं निरीक्षण आणि विचारलेले प्रश्न जास्त भरवशाचे. कडेला दातांचे ठसे उमटलेली, फुगीर, वर पांढरा चिकट थर असलेली जीभ ही त्यांच्याकडे दुबळ्या प्लीहेची आणि ओलीची ठळक खूण. सकाळी आरशात बघा, दिसेल.

इथे आपल्या मंडळींची एक अडचण होते, ती तिकडचे डॉक्टर क्वचितच ओळखतात. आपण सकाळी उठून जिभलीने जीभ खरवडतो. त्यामुळे जो थर त्यांना बघायचा असतो, तोच आपण बेसिनमध्ये सोडून आलेलो असतो. आणि कोणी हळद-दूध पिऊन गेलं, तर जीभ पिवळी दिसते. पिवळा थर म्हणजे अंगात उष्णता, म्हणजे औषध थेट उलट्या दिशेचं. पुढच्या वेळी जाल त्या दिवशी जीभ खरवडू नका आणि हळद, कॉफी, चहा टाळून जा.

आता मुद्द्याचं. चिनी डॉक्टरांनी तुम्हाला आत्ता तुमच्या शरीराची अवस्था कशी आहे ते सांगितलं. ती तशी का झाली याचं उत्तर त्यात नाही, आणि ते शोधल्याशिवाय मी तुम्हाला काढा घ्या असं म्हणणार नाही. पोट फुगणं, ग्लानी, जडपणा, हे थायरॉइडची गोळी कमी पडते तेव्हाही होतं. शाकाहारी बाईला चाळिशीनंतर लोह आणि बी 12 कमी पडून होतं. पाळी जास्त जात असेल तर आणखीच. तेव्हा टीएसएच (थायरॉइडसाठी), हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी 12, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि पोटॅशियम एवढं रक्त तपासून घ्या. गव्हाने त्रास वाढतो असं वाटत असेल तर सीलिॲकची (गव्हातलं ग्लूटेन न सोसणाऱ्या आजाराची) तपासणीही सांगा. आणि तुमची सोनोग्राफी फक्त वरच्या पोटाची झाली की ओटीपोटाचीही, ते रिपोर्टमध्ये बघा. तुमच्या वयात पोट सतत फुगलेलं राहत असेल तर बीजाशय (ओव्हरी) बघितल्याशिवाय राहू नये. शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं, रात्री झोपेतून उठून शौचाला जावं लागणं, यातलं काही असेल तर काढ्याचा विषयच बाजूला ठेवा आणि पोटाच्या डॉक्टरांना गाठा.

यासाठी दुसरीकडे जायला नको. चीनमध्ये चिनी वैद्यकाच्या सरकारी रुग्णालयांत रक्ताची प्रयोगशाळा, सीटी स्कॅन सगळं असतं आणि तिथले डॉक्टर आधुनिक वैद्यकही शिकलेले असतात. त्याच डॉक्टरांना विचारा, ते लिहून देतील. मिस्टरांना हे सांगा, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा रस्त्याकडेला झोळी मांडून बसलेला माणूस आहे.

तपासण्या ठीक आल्या, तर मग पुडी उघडू. रुग्णालयाच्या चिठ्ठीवर प्रत्येक वनस्पतीचं नाव आणि वजन ग्रॅममध्ये छापलेलं असतं. त्याचा फोटो काढून ठेवा. तुम्ही सांगितलेल्या निदानासाठी सगळ्यात जास्त वापरला जाणारा योग म्हणजे ‘शेनलिंग बायझू सान’, सोंग राजवटीतल्या सरकारी औषधसंग्रहातला, म्हणजे साधारण नऊशे वर्षं जुना. त्यातले जिन्नस बघितलेत तर भीती निम्मी होईल. जिनसेंग किंवा त्याच्याऐवजी दांगशेन नावाचं मूळ, बायझू नावाचं दुसरं मूळ, पाईनच्या मुळांवर वाढणारी फुलिंग नावाची बुरशी, कोनफळाच्या जातीचा एक कंद, कमळबीज, मोत्यासारखे दिसणारे यीयीरेनचे दाणे, वेलचीच्या कुळातलं शारेन, जिएगंगचं मूळ, ज्येष्ठमध, आणि पांढरे पावटे. होय, आपलेच पावटे, औषधासाठी पांढऱ्या बियांचे. यातलं अर्धंअधिक तिकडे घरच्या सुपात पडतं. तुमच्या पुडीत थोडा फरक असेल, कारण दर रुग्णामागे डॉक्टर एखादा जिन्नस कमी-जास्त करतात. पोटात वायू फार असेल तर चेनपी घालतात, म्हणजे वर्षानुवर्षं मुरवलेली संत्र्याची साल. ग्वांगझूजवळच्या शिनहुईची चेनपी सगळ्यात नावाजलेली.

काढा करताना मातीचं किंवा काचेचं भांडं घ्या, लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचं नको. पुडी अर्धा तास पाण्यात भिजवा, उकळी आली की आच मंद करा. शारेनची छोटी पुडी वेगळी बांधून दिली असेल, तर ती शेवटच्या पाच मिनिटांत टाका. आधीपासून उकळली तर त्यातलं सुगंधी तेल उडून जातं आणि काम त्याच तेलाचं असतं. एकदा गाळून झालं की त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसरा काढा काढतात, दोन्ही एकत्र करून सकाळ-संध्याकाळ घेतात. हे जमणार नसेल तर रुग्णालयातच काढा उकळून पाकिटात भरून मिळतो.

तुमच्या गोळ्या मात्र एक दिवसही बंद करायच्या नाहीत. थायरॉइडची गोळी नेहमीसारखी उठल्याबरोबर पाण्याबरोबर, आणि काढा नाश्त्यानंतर, निदान तीन-चार तासांच्या अंतराने. डॉक्टरांना थायरॉइडचं आवर्जून सांगा, कारण गाठींसाठी समुद्री शेवाळ देण्याची तिथे जुनी पद्धत आहे. त्यात आयोडीन भरपूर असतं आणि तुमच्या गोळीचं गणित त्याने बिघडू शकतं. दुसरी काळजी ज्येष्ठमधाची. चिनी काढ्यांत ते जवळजवळ सगळीकडे असतं, इतर औषधांना जुळवून घेणारं म्हणून. थोडं असेल तर हरकत नाही, पण जास्त प्रमाणात किंवा बरेच आठवडे घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. तुमची रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी असेल तर पोटॅशियम दुहेरी उतरतं. म्हणून ज्येष्ठमध कमी करा किंवा काढून टाका असं स्वतःहून सांगा, आणि काढा चालू असेपर्यंत घरी दर दोन दिवसांनी रक्तदाब मोजून लिहून ठेवा. चिठ्ठीत माहुआंग नावाची वनस्पती दिसली तर ते तुमच्यासाठी नाही. त्यातल्या एफेड्रिनने हृदयाची धडधड आणि रक्तदाब दोन्ही वाढतात.

शाकाहाराचं आधीच बोला. चिनी औषधालयात मृग-शिंगापासून गांडुळापर्यंत बरंच काही असतं. रक्त वाढवायला म्हणून बायकांना सर्रास अजियाओ देतात, तो गाढवाच्या कातड्याचा डिंक. मुलांच्या घशासाठी आणि खाजेसाठी सिकाडा किड्याची टाकलेली कात वापरतात. यातल्या प्रत्येकाला वनस्पतीचा पर्याय आहे आणि डॉक्टर तो देतात. चीनमध्ये बौद्ध शाकाहारी लोक आहेत, त्यामुळे ही मागणी त्यांना नवीन नाही.

चार ते सहा आठवडे घेऊन बघा. फरक पडला नाही तर थांबवा. या काढ्यांवर चीनमध्ये अभ्यास पुष्कळ झालेत, पण त्यातले बरेच लहान आणि कच्चे आहेत. त्यामुळे ‘सिद्ध झालंय’ हा शब्द मी वापरणार नाही. तुमच्यासारख्या त्रासात बऱ्याच जणांना आराम पडतो आणि नीट देखरेखीखाली धोका थोडा, एवढं मी जबाबदारीने म्हणू शकते.

पथ्याबद्दल माझं डॉक्टरांशी अर्धंच पटतं. फ्रिजमधलं पाणी, आइस्क्रीम, रात्रीची कोशिंबीर काही दिवस सोडा, त्याने तुमचं काही बिघडत नाही आणि पोट खरंच हलकं वाटू शकतं. दुधा-दह्याची त्यांना वाटणारी नावड फार जुनी आहे, अगदी सुमारे 1,800 वर्षांपूर्वीच्या, हान राजवटीतल्या पथ्याच्या यादीतही आंबवलेलं दूध आहे. पण त्यांचा रुग्ण मासे, मांस, अंडी खाणारा असतो. शाकाहारी बाईने दूध-दही एका फटक्यात बंद केलं तर तिच्या ताटातलं बी 12 आणि प्रथिनांचा मोठा भाग गेला. तेव्हा गार लस्सी नको, पण दुपारच्या जेवणात साधं, फ्रिजबाहेर ठेवलेलं ताक चालू द्या. त्याने पोट बिघडतं असं चार वेळा जाणवलं तर बंद करा आणि टोफू, मुगाचं वरण वाढवा, बी 12 ची गोळी घ्या.

आयी देऊ करतात तो गल्लीतला थंड चहा मात्र तुम्ही पिऊ नका. ग्वांगझूत पितळी पिंपांतून विकला जाणारा काळा, कडू ‘लियांगचा’ ही त्या शहराची शान आहे. 1828 साली सुरू झालेलं वांगलाओजी हे नाव त्यातूनच आलं, आणि 2006 मध्ये चीनने लियांगचाला आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. नावाला चहा, पण चहाची पानं त्यात असतातच असं नाही. त्या कडू, थंड प्रकृतीच्या वनस्पती आहेत. तोंड येणं, घसा सुजणं, तळलेलं खाऊन उष्ण पडणं, यासाठी तिथले लोक तो पितात. पण दुबळ्या प्लीहेच्या माणसाला कडू-थंड औषध देऊ नये, हे चिनी वैद्यकाचंच सांगणं. पातळ शौच त्याने आणखी पातळ होते. आयींचं मन मोडू नये म्हणून पीत असाल, तर त्यांना ‘माझी प्लीहा दुबळी आहे’ एवढंच सांगा. त्या स्वतःच कप काढून घेतील.

मुलाच्या सर्दीतही हाच धागा आहे. चिनी वैद्यकात सर्दी एक नाही. हुडहुडी जास्त, अंग मोडून येतंय, नाकातून पाणी, घाम नाही, ही थंड वाऱ्याची सर्दी. ताप जास्त, घसा लाल, शेंबूड पिवळा, तहान, ही उष्ण वाऱ्याची. पहिलीला गरम औषध, दुसरीला गार. पहिल्या प्रकारावरचं सगळ्यात जुनं पुस्तक झांग झोंगजिंग यांचं, सुमारे 1,800 वर्षांपूर्वीचं. त्यातला दालचिनीच्या काड्यांचा काढा बघा. काढा घेतल्यावर थोड्या वेळाने गरम पातळ पेज प्यायची, पांघरूण घेऊन पडायचं, अंगाला बारीक घाम यायला हवा, पाण्यासारख्या धारा नकोत. आणि एका वाटीत बरं वाटलं तर उरलेला काढा प्यायचा नाही. औषध कधी थांबवायचं हे इतक्या नेमकेपणाने लिहिणारा माणूस मला फार मोठा वाटतो. दुसऱ्या प्रकारासाठी 1798 सालच्या वू जूतोंग यांच्या ग्रंथातला हनीसकल आणि फोर्सिथियाच्या फुला-फळांचा योग आहे, तोही फार न उकळता, सुगंध दरवळला की उतरवायचा.

बानलानगन ही दुसऱ्या, उष्ण सर्दीची, थंड प्रकृतीची मुळी. आयी ती प्रत्येक सर्दीला देतात, तिथेच चुकतं. नाक वाहणाऱ्या, गारठलेल्या पोराला ती देऊन त्याचं पोट बिघडेल, एवढंच होईल. सात वर्षांच्या मुलाची साधी सर्दी आठ-दहा दिवसांत आपली आपण जाते. गरम वरणाचं पाणी, पेज, विश्रांती पुरे. ताप तीन दिवसांच्या वर गेला, श्वास जोरात चालला, कान दुखला, मूल मरगळलं किंवा पाणी पिईना, तर लगेच बालरोगतज्ज्ञ.

आणि एक गोष्ट अगदी लक्षात ठेवा. तिथल्या दुकानात सर्दीसाठी ‘गानमाओलिंग’ नावाची पावडर मिळते, पाकिटावर वनस्पतींची चित्रं असतात. तिच्यात वनस्पतींबरोबर पॅरासिटामॉल आणि क्लोरफेनिरामिन ही रासायनिक औषधंही असतात. वर तुम्ही तापाचं सिरप दिलंत तर मुलाच्या पोटात पॅरासिटामॉल दोनदा जातं आणि ते यकृताला झेपत नाही. आयींना स्पष्ट सांगा की, मला विचारल्याशिवाय मुलाला कसलीही पुडी द्यायची नाही. आवाज न चढवता सांगा, पण सांगा. त्यांनी जे केलं ते मायेपोटी केलं. पाठ घासण्याच्या उपचाराला ग्वाशा म्हणतात. दक्षिण चीनमध्ये अंगात कणकण आली की आजी नातवंडाला हेच करते. लाल वळ काही दिवसांत जातात, कायमची इजा होत नाही. मात्र तापलेल्या, नको म्हणणाऱ्या मुलावर तो करू नये, आणि शाळेत ते वळ बघून कोणाचाही गैरसमज होईल. या मुद्द्यावर मिस्टरांचं बरोबर आहे, ते त्यांना मोकळेपणाने सांगून टाका.

बाकी ‘सगळी फसवणूक’ या त्यांच्या मतावर माझं म्हणणं वेगळं आहे. मलेरियावरचं आजचं सगळ्यात महत्त्वाचं औषध, आर्टेमिसिनिन, चिनी वनौषधीतून आलं. 1967 मध्ये चीन सरकारने मलेरियावर गुप्त प्रकल्प सुरू केला. त्यात तू यूयू या संशोधक बाईंनी जुने ग्रंथ चाळले. चिंगहाओ ही वनस्पती उंदरांवर कधी काम करायची, कधी नाही. चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या पुस्तकात त्यांना ओळ सापडली की, मूठभर चिंगहाओ पाण्यात भिजवून पिळून तो रस प्यावा. उकळायला सांगितलेलंच नव्हतं. उष्णतेने औषध नष्ट होतंय हे त्यांच्या ध्यानात आलं, त्यांनी कमी तापमानाला ईथरने अर्क काढला आणि 1971 मध्ये तो लागू पडला. 2015 साली त्यांना नोबेल मिळालं. मिस्टरांना ही गोष्ट सांगा.

आयींना मात्र दुसरी सांगा. 1990 च्या सुमारास ब्रसेल्सच्या एका वजन कमी करण्याच्या केंद्रात चिनी वनस्पतींच्या गोळ्यांत एका मुळाऐवजी चुकून दुसरंच मूळ गेलं, ॲरिस्टोलोकिया कुळातलं. शंभराहून जास्त बायकांची मूत्रपिंडं खराब झाली, अनेकींना डायलिसिस किंवा प्रत्यारोपण लागलं, काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. आपल्याकडची सापसण याच कुळातली. चीनने त्या कुळातल्या ग्वानमुतोंग या औषधावर 2003 मध्ये बंदी आणली. म्हणून सुट्या पुड्या बाजारातल्या ठेल्यावरून घ्यायच्या नाहीत, रुग्णालयाच्या औषधालयातूनच घ्यायच्या.

काढा नकोच वाटला तर ॲक्युपंक्चर करून बघा. तुमच्या त्रासासाठी गुडघ्याच्या खाली चार बोटांवरचा झूसानली हा बिंदू हमखास वापरतात. सुई टोचली की तिथे जड, बधिर, ताणल्यासारखं वाटतं; ते हवंच असतं. सुया सीलबंद, एकदाच वापरायच्या असतात, पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. याचा पुरावा पोटापेक्षा कंबरदुखी आणि डोकेदुखीत जास्त आहे, आणि तोही मोठा विचार करायला लावणारा. जर्मनीत कंबरदुखीच्या 1,162 रुग्णांवर झालेल्या, 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खऱ्या बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी 47.6 टक्क्यांना, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी 44.2 टक्क्यांना, आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी 27.4 टक्क्यांना सहा महिन्यांनी आराम होता. सुईने बरं वाटतं हे खरं. ठराविक बिंदूच हवा, हे त्यातून सिद्ध होत नाही. मी स्वतः ॲक्युपंक्चर करते आणि रुग्णांना हे आकडे सांगूनच करते.

सातारला परतल्यावर चालू ठेवायचं झालं तर महाराष्ट्रात त्यासाठी 2015 चा स्वतंत्र कायदा आहे, नोंदणी झालेल्या व्यक्तीकडेच जा. ही विद्या आपल्याकडे आली त्यातही एक जवळचा धागा आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये ज्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, त्याच पथकातले डॉ. बिजॉय बसू पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीला पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून आले आणि त्यांनी कोलकात्यात ते सुरू केलं.

राहिल्या सासूबाई. त्यांच्यासाठी काहीही आणू नका. मधुमेहासाठी तिथे ‘शियाओके वान’ नावाच्या गोळ्या फार खपतात. चिनी औषधांच्या परवाना क्रमांकात रोमन झेड अक्षर असतं, रासायनिक औषधांच्या क्रमांकात एच. या गोळ्यांवर झेड असतो आणि तरीही प्रत्येक गोळीत ग्लायबेनक्लामाइड हे साखर उतरवणारं रासायनिक औषध असतं, आपल्याकडे डाओनिल नावाने मिळतं तेच. सासूबाई आधीच साखरेची गोळी घेत असतील. वर ‘जडीबुटी’ समजून या चार-पाच गोळ्या घेतल्या तर रात्री झोपेत साखर धोक्याच्या खाली उतरेल, आणि सातारच्या डॉक्टरांना कारण सापडणार नाही. आधीच कोणाबरोबर पाठवल्या असतील, तर हे वाचून झाल्याबरोबर फोन करा आणि डबी बाजूला ठेवायला सांगा. त्यांनी त्यातल्या घेतल्या असतील आणि घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होत असेल, तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचं, कारण या औषधाचा परिणाम बराच वेळ टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते.